सात पावलांची साक्ष

मी एक जुनी नक्कल आहे. कागदाची नव्हे, जनुकाची. लाखो वर्षांपूर्वी एक जनुक उतरवून घेताना चूक झाली आणि ते दोनदा लिहिले गेले. मूळ ती थोरली, दुसरी मी धाकटी.

मित्रांनो, बाळ पोटात असते तेव्हा त्याच्या मेंदूतल्या पेशींना आपापल्या जागी पोचावे लागते. त्यांना वाट दाखवणारे प्रथिन थोरली बनवते. मीही तेच बनवते, पण माझ्या दहांतले एखादेच धड निघते. म्हणून बरीच वर्षे जाणकारही मला निरुपयोगी म्हणत. कुणात मी एक असते, कुणात चार, कुणात मुळीच नसते. थोरली धड असली की त्याने काही बिघडत नाही.

देऊळघाटच्या एका घरात बिघडले.

वंदना तिथे भाचीसून म्हणून आली. सासू रुखमाबाई तिची सख्खी आत्या. वंदना आणि तिचा नवरा गोविंदा, दोघांकडेही एकाच आजोबांकडून थोरलीची एक मोडकी प्रत आली होती. दुसरी प्रत चांगली होती, म्हणून दोघे ठणठणीत. पहिल्या मुलाला, समर्थला, दोघांकडूनही मोडकीच मिळाली. त्याच्यात मी एकच होते. मी काम केले. ते पुरले नाही. त्याने कधी मान धरली नाही, झटके थांबले नाहीत, आणि अडीच वर्षांचा होऊन तो गेला. वंदनेने पोटुशी असताना ग्रहणात विळी हाती घेतली होती, असे गाव म्हणाले.

मग कार्तिकी झाली. तिलाही दोन्ही मोडक्याच मिळाल्या. पण तिच्यात मी चार होते. ती तीन वर्षांची होऊन चालली. सहा शब्द बोलते. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वंदनेला सगळे समजावले आणि चिठ्ठी लिहून दिली: घरात पुन्हा सोयरीक करायची तर आधी दोघांचे रक्त तपासा.

सोयरीक ठरतच होती. गोविंदाचा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर आणि वंदनेची धाकटी बहीण पुष्पांजली. बैठकीच्या दिवशी वंदनेने चिठ्ठी पुढे केली. मला कान नाहीत. तिच्या कानांनी ऐकले ते सांगते.

"सुई पाहूनच मले चक्कर येते, वहिनी," ज्ञानेश्वर म्हणाला. "लग्नाआधीच पाडता का मले?"

पाहुणे हसले. रुखमाबाई हसल्या नाहीत. "बहिणीचं चांगलं होऊन राह्यलं, ते पाहवत नाही का वं तुले?"

"तसं नाही, आत्या. डॉक्टरीणबाईनं सांगतलं..."

"रक्तात खोट असती तं हे पोरगी चालली असती का?" त्यांनी कार्तिकीला सतरंजीच्या टोकाशी उभे केले. "चाल वं माय. मावशीकडं जाय."

कार्तिकी डुलत डुलत निघाली. एक, दोन, तीन... सात पावले, आणि ती पुष्पांजलीच्या मांडीवर पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती सात पावले माझी होती. आयुष्यात प्रथमच माझे कौतुक झाले, तेही मला न ओळखता. वंदनेने चिठ्ठीची घडी घातली. तिलाही त्या क्षणी टाळ्या खऱ्या ठराव्यात असेच वाटले.

लग्न झाले. वर्षभराने मुलगा झाला. तो चार महिन्यांचा असताना पुष्पांजलीने त्याला वंदनेच्या हातात दिले.

"ताई, हा मान काऊन धरत नाही वं?"

वंदनेने हात मानेखाली घातला. ते वजन तिच्या हाताला पाठ होते. तिने आत जाऊन पेटीतून ती चिठ्ठी काढली आणि बहिणीसमोर ठेवली. रुखमाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

मित्रांनो, मी दुखणे हलके करते, मिटवत नाही. एखादे मूल चालले म्हणून मला साक्षीला उभी करू नका. नात्यात सोयरीक जुळवण्याआधी रक्त तपासा. एका सुईचे काम आहे. आणि मूल गेले तर आईच्या हातातली विळी शोधू नका.

कार्तिकी रोज बाळाच्या पाळण्यापाशी चालत जाते आणि टाळ्या वाजवते. तिला वाटते, टाळ्या वाजवल्या की माणूस चालतो. मी दोघांतही आहे. तिच्यात आम्ही चौघी आहोत. बाळात मी एकटी.