दौलतचं नाव

भगवंतराव नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. दोन गटांत वैर कसं वाढतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९३६च्या उन्हाळ्यात मंगरूळपीरच्या भाजीवाल्या माळ्यांमध्ये नाल्याच्या पाण्यावरून फूट पडल्याचं कळलं, तेव्हा ते तिथे खोली घेऊन राहिले.

वरच्या मळेवाल्यांनी नाल्याला बांध घातला होता आणि खालच्यांची वांगी वाळत होती. वरच्यांपैकी जगदेव भगवंतरावांशी मोकळेपणानं बोले. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, की खालच्या मळ्यातल्या दौलतरावाचंही खरं आहे, पाणी त्यालाही लागतंच. दोघं एकाच मोटेवर राबून मोठे झालेले.

महिनाभरात जगदेवच्या बोलण्यातून दौलतचं नाव गेलं. उरले नुसते ‘खालचे’. वरच्यांच्या बैठकीत जो जास्त जहाल बोले त्याला मान मिळे, आणि जगदेवला तो मान आवडू लागला होता. भगवंतरावांनी सगळं तारखेनिशी टिपलं. आपला अंदाज तंतोतंत खरा ठरतोय, याचा त्यांना आनंद झाला. हा माणूस आता हात उचलणार, हेही त्यांनी लिहिलं. सांगितलं मात्र कुणालाच नाही. आपण मध्ये पडलो तर अभ्यास बिघडेल, असं त्यांना वाटलं.

आठ दिवसांनी बांधावर जगदेवनं दौलतरावाच्या डोक्यात फावडं घातलं. तिसऱ्या दिवशी दौलतराव गेला. जगदेवला जन्मठेप झाली.

या भांडणावरचा भगवंतरावांचा निबंध कलकत्त्याच्या परिषदेत वाचला गेला, वाखाणला गेला. त्यांना बढती मिळाली. दरवर्षी ते तो निबंध वर्गात वाचून दाखवू लागले.

दहा वर्षांनी एका लग्नाला ते मंगरूळपीरला आले. बाजारात जगदेवची बायको पंचफुला मेथी विकत बसली होती. तिनं त्यांना ओळखलं. जगदेव तुरुंगातच तापानं गेल्याचं तिनं सांगितलं. भगवंतराव तिच्यासमोर उकिडवे बसले आणि इतकी वर्षं कुणाजवळ न बोललेलं बोलले: आपल्याला आधीच कळलं होतं, आपण ते लिहूनही ठेवलं होतं.

पंचफुला थोडा वेळ जुड्या नीट लावत राहिली.

“तुमाले दिसून राह्यलं होतं, तं मले काहून नाही सांगतलं, मास्तर? मी घरधन्याले माह्या माहेरी घेऊन गेली असती. पाऊस पडेपर्यंत.”

अभ्यासात ढवळाढवळ का करू नये, यावर भगवंतराव वर्गात तासभर बोलत. इथे त्यांनी मेथीची एक जुडी उचलली आणि परत ठेवली.

“सरका जरा,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक आलं.”

पुढे त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. तो निबंध मात्र वर्गात पुन्हा कधी वाचून दाखवला नाही, आणि का ते कुणाला सांगितलंही नाही.