पुढच्या फळीवरचं वजन

कयाक ही एकाच माणसाची होडी असते. हे मला जावयांकडून कळलं आणि तिथल्या तिथे ती माझ्या मनातून उतरली.

आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते. ह्यांची लाकूड कापायची गिरणी होती. म्हणायला ह्यांची, पण मीही लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिथे जायला लागले ते शेवटपर्यंत. हे करवतीवर, आणि मी फळ्या मोजायला, त्यांच्या थप्प्या लावायला आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायला. मग ह्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, गिरणी विकली आणि आम्ही दोघं घरी येऊन बसलो. बसल्यावर लक्षात आलं, की नुसतं घरात बसून एकमेकांशी काय बोलायचं ते आम्हाला येतच नाही. मी म्हणायची, "आज उकडतंय नाही?" हे म्हणायचे, "हं." मी म्हणायची, "समोरच्यांनी नवा दरवाजा बसवला." हे म्हणायचे, "हं." करवतीच्या आवाजाने ह्यांचे कान निम्मे खाल्लेत, त्यामुळे ते "हं"सुद्धा समोरच्यांच्या नव्या दरवाज्याला ऐकू जायचं. पण त्याच्यापुढे गाडी सरकायची नाही. घर अगदी खायला उठायचं.

अशात एके दिवशी ह्यांनी जाहीर केलं, की तळ्यावर जाऊन मासे धरायचे. काठावरून नाही, होडीतून. मी मनात म्हटलं, सुटलो.

ही बातमी लेकीमार्फत जावयांच्या कानावर गेली आणि मग आमच्या हातात काही राहिलं नाही. आमचे जावई म्हणजे लाखात एक माणूस, पण साधा चमचा घ्यायचा तरी जगातल्या सगळ्या चमच्यांबद्दल वाचून काढणार, आणि वाचलेलं आपल्यापाशी ठेवणार नाहीत. त्यांनी येऊन सोफ्यावर ठाण मांडलं आणि दोन कप चहा होईपर्यंत बोलत राहिले.

"बाबा, तुमच्यासाठी कयाकच. एकट्याची होडी. आवाज नाही, पेट्रोल नाही, उथळ पाण्यात शिरते. मासे म्हणजे अतिशय सावध प्राणी. मोटरचा आवाज आला की पसार."

"मला शांतताच पाहिजे!" हे गरजले. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून भांडं पडलं.

"तेच म्हणतोय मी," जावई म्हणाले.

"मोटरबोटीत दोघं बसतात म्हणे," मी आपलं सहज म्हटल्यासारखं म्हटलं.

"बसतात ना आई. पण बाबांना दुसरं कोण लागणार आहे?"

ह्यांनी "हं" केलं. ते कुणाला होतं ते कळलं नाही. मी कप उचलून आत गेले आणि ते जरा जोरातच आपटले.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मला ह्यांच्याबरोबर जायचं होतं. माशांशी मला काही देणंघेणं नाही. मासा जिवंत असताना माझ्याकडे बघतो ते मला आवडत नाही. पण हे सकाळी उठून एकटे निघून जाणार आणि मी खिडकीत बसून राहणार, हे डोळ्यांसमोर आलं की मी घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. लेक म्हणाली, "मग सांग ना त्यांना, मलाही न्या म्हणून." तिला काय जातंय सांगायला. "मलाही न्या" हे मी जन्मात कधी म्हटलेलं नव्हतं. न्यायचा प्रश्नच यायचा नाही, मी तिथेच असायची.

होड्यांचं दुकान तळ्याच्या काठालाच होतं. आत रबराचा आणि रंगाचा वास. भिंतीला उभ्या टेकवलेल्या कयाका, लाल, पिवळ्या, हिरव्या. खुंट्यांवर फुगीर जाकिटं टांगलेली. मध्ये लाकडी ठोकळ्यांवर छोटी मोटरबोट बसवलेली, आत बसायला आडव्या दोन फळ्या, एक पुढे आणि एक मागे. ती पुढची फळी बघितल्यावर माझा जीव जरा भांड्यात पडला. मी हळूच तिच्यावर हात फिरवला. रंधा नीट मारलेला होता.

दुकानदार गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस होता. जावई त्याला त्याच्याच होड्यांची माहिती द्यायला लागले तरी तो हसतच होता, यावरून त्याला धंदा चांगला कळत असावा.

ह्यांनी मात्र कुणाचंच ऐकलं नाही. हे कयाकेपाशी गेले आणि वाकून तिच्यावर टकटक करून बघितलं, ओंडका पोकळ आहे का ते बघायचे तसं.

"पोकळ आहे!" ह्यांनी तक्रार केली.

"होडी आहे साहेब," दुकानदार म्हणाला. "पोकळच बरी."

मग जमिनीवरच बसून बघायचं ठरलं. हे कयाकेत बसले ते व्यवस्थित बसले. उठताना पंचाईत झाली. गुडघे वर येईनात, कंबर बाहेर येईना. जावयांनी एका बगलेत हात घातला, दुकानदाराने दुसऱ्या, आणि मी मागून सूचना केल्या. हे सुटले तेव्हा कयाकसुद्धा बरोबर थोडी उचलली गेली होती.

"फिट बसते," जावई समाधानाने म्हणाले. "अशीच घट्ट असावी लागते."

मला वाटलं, चला, कयाकेचं प्रकरण मिटलं. कसलं मिटतंय! दुकानदाराने सांगितलं की पाण्यात चालवून बघा, आणि हे जाकीट चढवून धक्क्यावर हजर. आम्ही तिघं काठावर उभे. ह्यांनी वल्हं मारलं. कयाक डावीकडे वळली. पुन्हा मारलं, आणखी डावीकडे. सगळं आयुष्य उजव्या हाताने ओंडके रेटलेला माणूस. उजवा दंड डाव्याच्या दीडपट. थोड्याच वेळात हे एकाच जागी गोल गोल फिरायला लागले. एकदा आमच्याकडे तोंड, एकदा पाठ, एकदा तोंड, एकदा पाठ. तोंड आमच्याकडे यायचं तेव्हा मी नीट बघत होते. हा माणूस वैतागेल, शिव्या घालेल, बाहेर येईल, अशी मी देवाला आळवणी करत होते.

पण हे हसत होते.

"मस्त आहे!" तोंड आमच्याकडे असताना ओरडले. पाठ फिरली. पुन्हा तोंड आलं तेव्हा म्हणाले, "कसली शांतता आहे!" काठावरची बदकं उडाली.

मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. आता हे रोज सकाळी इथे येऊन गोल फिरत बसणार आणि मी घरी. जावयांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आई, किती खूश आहेत बघा." मी म्हटलं, "दिसतंय हो मला."

हे बाहेर आले ते "हीच बांधा" म्हणतच आले. जावयांनी पैसे काढायला खिशात हातही घातला. पण दुकानदार पक्का. मोटरबोट जास्त किमतीची होती, ती न दाखवता तो आम्हाला सोडतोय थोडाच?

"एक चक्कर हिच्यातही मारून बघा साहेब. नंतर हळहळ नको."

"कशाला? आवाज करते ती."

"फुकट आहे चक्कर."

फुकट म्हटल्यावर हे मोटरबोटीत जाऊन मागच्या फळीवर बसले. गिरणीवाल्याच्या रक्तातच असतं ते. दुकानदाराने दोरी कशी ओढायची, दांडा कसा धरायचा ते दाखवलं आणि मग होडीकडे बघून डोकं खाजवलं.

"पुढे कुणीतरी बसायला पाहिजे. साहेब मागे एकटे बसले तर नाक वर उचललं जातं. जरा वजन लागतं पुढे."

जावई तत्परतेने पुढे झाले. दुकानदाराने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आमचे जावई म्हणजे टांगलेला शर्ट. दुकानदाराची नजर तिथून निघाली आणि माझ्यावर येऊन थांबली. तो काही बोलला नाही, तेवढी लाज त्याला होती.

"बसते मी," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या वजनाचा राग आला नाही.

मी पुढच्या फळीवर ह्यांच्याकडे तोंड करून बसले, पदर खोचून. ह्यांनी दोरी ओढली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा ओढल्यावर धडधडायला लागलं. काय आवाज होता! दात वाजत होते. धक्क्यावर जावयांचं तोंड हलताना दिसत होतं आणि एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं.

आणि ह्यांचा हात वर आला. तळवा सपाट, मग दोनदा उजवीकडे. मी विचारही न करता उजवीकडे सरकले. होडी सरळ झाली.

गिरणीत करवत सुरू असली की तोंडाने बोलून उपयोग नसायचा. त्यामुळे आम्ही हातांनीच बोलायचो. लांबी, जाडी, थांब, सोड, चहा सांग, गिऱ्हाईक आलंय, तुझा भाऊ आलाय, माझी आई आली आहे तेव्हा तोंड सरळ कर. सगळ्याला खूण होती. मुलीचं नाव काय ठेवायचं तेसुद्धा आम्ही सागाच्या ओंडक्याच्या दोन टोकांना उभं राहून ठरवलं होतं. गिरणी विकल्यापासून आमचे हात मांडीवर पडून होते आणि मला ते कळलंच नव्हतं.

ह्यांनी धक्क्याकडे एक नजर टाकली आणि कानाची पाळी चिमटीत धरली. ही आमची खूण बडबड्या गिऱ्हाइकाची. बोलणार तासभर आणि नेणार एक फळी. जावई तिकडे हात हलवून आम्हाला अजून काहीतरी समजावत होते. मला हसू आवरेना. मी खूण केली, चांगला आहे हो बिचारा. ह्यांनी खूण केली, लाकूड चांगलं आहे, पण भुसा फार पडतो.

तळ्याच्या मध्यावर आलो तेव्हा मी धीर केला. तोंडाने मला जमलं नसतं. मोठा ओंडका उचलायचा असला की मी ह्यांना विचारायची खूण असायची: आधी एक बोट, मग दोन. म्हणजे एकट्याने उचलताय, की मी दुसरं टोक धरू? मी होडीकडे बघितलं, मग काठावरच्या पिवळ्या कयाकेकडे, आणि ती खूण केली. एक, की दोन?

हे पुढचं पाणी सोडून माझ्याकडेच बघायला लागले. दांडा हातात तसाच, त्यामुळे होडीने एक मोठं वळण घेतलं. मग ह्यांनी दोन बोटं वर केली, आणि मला दिसलं नसेल म्हणून की काय, हात आणखी उंच केला.

काठाला लागल्यावर जावयांनी विचारलं, "मग बाबा? कयाकच ना?"

"ही!" हे म्हणाले.

"पण आवाज?"

"कयाक डावीकडे ओढते," ह्यांनी सांगितलं आणि विषय संपवला. जावई घरी जाईपर्यंत कयाकेला कसं वळवायचं ते सांगत होते.

पहिल्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी, थर्मासमध्ये चहा, दोन गळ. वाटेत इंजिनाच्या धडधडीत आमचं समोरच्यांच्या दरवाज्यावर सविस्तर बोलणं झालं. ह्यांच्या मते तो दरवाजा वर्षभरात वाकणार, लाकूड ओलं वापरलंय. इतके दिवस "हं" म्हणत होते तेव्हा हे सगळं पोटात होतं तर!

लव्हाळ्याजवळ एक कयाकवाला आधीच मासे काढत होता. तिथे ह्यांनी इंजिन बंद केलं. मासे धरायचे तर बंद करावंच लागतं. एकदम शांत झालं. गळ पाण्यात सोडले. हे पाण्याकडे बघत बसले, मी ह्यांच्याकडे.

"पाणी स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"हं," हे म्हणाले.

म्हणजे आम्ही घरच उचलून तळ्यात आणलं होतं. कयाकवाल्याने एक मासा काढला. मग दुसरा. ह्यांच्या गळाचं तरंगतं बूच हललं, बुडालं. हे बघत नव्हते. हे माझ्याकडे बघत होते, अगदी अवघडून, काहीतरी बोलायचंय आणि तोंड उघडत नाही असं. मग अचानक उठले आणि दोरी ओढली.

इंजिन धडधडलं. मासे गेले. कयाकवाला वल्हं उगारून ओरडायला लागला, ह्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ह्यांनी मला खूण केली: काय म्हणत होतीस?

मी पाण्याबद्दल सांगणार होते. पण हात वेगळंच बोलून गेला. करवत सुरू आहे आणि कुणी लाकूडच लावत नाहीये, नुसतीच फिरतेय, असं झालं की एक बोट हवेत गोल फिरवायचं. मी ते बोट फिरवलं आणि माझ्या छातीला लावलं. गिरणी गेल्यापासून मी अशी आहे.

मग ह्यांनी आपलं जाड बोट वर केलं, हवेत गोल फिरवलं आणि स्वतःच्या छातीला लावलं. डोळे पाण्याने भरले होते. इंजिनाचा धूर असेल, असं मी नंतर लेकीला सांगितलं.

मग काय, आम्ही बोलत सुटलो. इतके बोललो की पेट्रोल संपलं. शेवटी त्या कयाकवाल्यानेच आमच्या होडीला दोर बांधला आणि ओढत काठाकडे न्यायला लागला. वाटभर पाठमोरा तो आमचा उद्धार करत होता: मासे कसे असतात, होडी कशी चालवतात, तुमच्या वयाला हे शोभतं का. इंजिन बंद होतं, त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. ह्यांनी त्याच्या पाठीमागे कानाची पाळी चिमटीत धरली.

मी म्हटलं, हळू, त्याला दिसेल. हातानेच म्हटलं. ह्यांनीही हातानेच विचारलं, उद्या भाजी कुठली?