सोफ्यावरचा सँटा

नाताळच्या दिवशी दुपारी दोनच्या शोला जायचं म्हणून चंद्रकला हेडाऊ सकाळी दहालाच साडी नेसून बसली होती. साडी सासऱ्यांनी उमरेडला स्वतःच्या मागावर विणलेली, वर्षातून एखाद्या वेळी निघणारी. आजचा दिवस तसाच होता. तिचा नवरा सिनेमात दिसणार होता.

ईश्वरदास सदुसष्ट वर्षांचा. गिरणी बंद पडल्यावर त्याने एका मॉलच्या दारावर वॉचमनकी केली, आणि छातीपर्यंत आलेल्या पांढऱ्याशुभ्र दाढीमुळे दर डिसेंबरात मॉलवाले त्यालाच लाल कपडे चढवून सँटाक्लॉज करत. मागच्या फेब्रुवारीत मुंबईची एक मंडळी सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात सिनेमा काढायला आली. त्यांना म्हातारा सँटा पाहिजे होता. चार दिवस गाडी घ्यायला येई, संध्याकाळी सोडून जाई.

"काय करावं लागते?" चंद्रकलेने विचारलं होतं.

"काही नाही वं. मी पडून राहतो, बाकीचे बोलतात."

तिला बरं वाटलं होतं. वर्षभरापूर्वी बायपास झालेल्या माणसाला याहून आरामाचं काम कुठे भेटणार!

थिएटरला पाच जण निघाले. हे दोघं, मुलगी प्रणाली, तिची आठ वर्षांची गोपिका, आणि शेजारच्या शोभाताई. शोभाताई भजनी मंडळाच्या प्रमुख. "ईश्वरदासभाऊचा पिक्चर आणि मी नाही, असं कसं होईन," म्हणत त्या आपणहून आल्या होत्या. गोपिकेने डोक्यावर लाल टोपी घातली होती.

दारावरच्या पोरीने तिकिटं पाहिली, मग गोपिकेकडे पाहिलं.

"मॅडम, हिले नाही जाता येणार. अ‍ॅडल्ट आहे."

प्रणालीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अहो, सँटाक्लॉजचा पिक्चर आहे ना?"

"हो, तोच. अठराच्या वरच्यांसाठी आहे."

प्रणालीने वडिलांकडे पाहिलं. ईश्वरदास भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहत होता. पोस्टरवर एक सोफा होता, सोफ्याखालून लाल बाही आणि एक हात बाहेर आलेला होता. हात कोणाचा हे चंद्रकलेने तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण गोपिका रडायला लागली आणि ते राहून गेलं. प्रणाली तिला समजावत खालच्या मजल्यावर झुल्यांकडे घेऊन गेली. हे तिघे आत जाऊन बसले.

सुरुवात छान होती. मोठा बंगला, झाडाला दिवे, पाहुण्यांची तयारी. बेल वाजली, दार उघडलं आणि दारात ईश्वरदास उभा. पडद्याएवढा मोठा. शोभाताईंनी चंद्रकलेचा हात दाबला. चंद्रकलेच्या डोळ्यांत पाणी आलं. सँटाने "मेरी ख्रिसमस" म्हटलं, टेबलावरचा केक उचलून खाल्ला आणि सोफ्यावर बसला.

तो केक घरच्या सासूने जावयासाठी केला होता. त्यात विष होतं.

ईश्वरदासने छातीवर हात ठेवला. मान डावीकडे कलली, तोंड अर्धवट उघडं राहिलं, आणि तो तसाच राहिला. सासू म्हणाली, "अरे, ये तो गलत आदमी मर गया." सगळं थिएटर खो खो हसलं.

चंद्रकलेने अंधारात शेजारी हात नेऊन नवऱ्याचं मनगट धरलं. गरम होतं. तरी तिने सोडलं नाही.

पुढे जे चाललं ते तिला अर्धं कळलं, अर्धं कळूनही पटेना. पाहुणे यायची वेळ झाली म्हणून घरच्यांनी मेलेल्या सँटाला काळा चष्मा लावून बसवलं. पाहुणे येऊन त्याच्याशी हात मिळवत, त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत. एक बाई त्याच्या मांडीवर बसली. मोठ्या सुनेने त्याचे खिसे तपासले. मग त्याला पलंगाखाली ढकललं आणि वर पलंगावर धाकटी सून आणि ड्रायव्हरचं जे सुरू झालं, ते पाहून शोभाताईंनी पदर डोळ्यांवर घेतला. पडद्यावर आईबहिणीवरून शिव्यांचा पाऊस. पलंग हलला की खालून ईश्वरदासची दाढी हले, आणि लोक शिट्ट्या मारत.

मग त्यांनी त्याला ओढत स्वयंपाकघरात नेलं. फ्रिजमध्ये मावेना म्हणून भिंतीला टेकवून ठेवलं. पाय पसरलेले, मान डावीकडे.

चंद्रकला उठली आणि लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर निघून गेली.

बाहेर मक्याच्या लाह्यांच्या काउंटरजवळ एक बाक होता. ती त्याच्यावर बसली. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून ठेवले. दोन मिनिटांत ईश्वरदास आला आणि उभाच राहिला.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

"मरतो एवढं माहीत होतं. पुढचं नाही. माझे तं डोळे मिटलेले होते."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू जाऊ दिलं असतं का?"

तो जरा अंतर ठेवून बाजूला टेकला.

"खोटं आहे वं ते. मी जिता आहो. इथं बसून आहो."

"त्या दिवशी तुमी असेच होते," ती म्हणाली.

"कोणत्या दिवशी?"

"अटॅक आला त्या दिवशी. मी दळण घेऊन आली, तं तुमी स्वयंपाकघरात भिंतीले टेकून. पाय असेच लांब. मान याच बाजूनं. तोंड उघडं. गॅसवर चहा ठेवलेला, अजून उकळला नव्हता."

ईश्वरदास तिच्याकडे पाहत राहिला. त्या दिवसाबद्दल त्याला शंभर जणांनी विचारलं होतं. कसं दुखलं, कुठे दुखलं, घाम किती आला. तो सगळ्यांना रंगवून सांगायचा. चंद्रकला तेव्हा चहा ठेवायला आत जायची. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. त्यानेही नाही.

"मले वाटलं, गेले," ती पुढे म्हणाली. "मी तुमाले हात नाही लावला. खूप वेळ नाही लावला. हात लावला आन् थंड लागले तं काय करू, म्हणून उभीच राहिली. मग चहा उतू गेला, तुमचा घसा वाजला, तेव्हा भानावर आली. पहिले गॅस बंद केला. डॉक्टर म्हणे अर्धा तास लवकर आणलं असतं तं बरं झालं असतं. तो अर्धा तास माझ्यापाशी आहे."

आतून हसण्याचा मोठा आवाज आला.

"अर्धा तास नसन तो," ईश्वरदास हळू म्हणाला. "तुले वाटला असन. मी गॅसवर चहा ठेवला, मग बसलो. चहा उतू जायले किती वेळ लागते?"

चंद्रकलेने त्याच्याकडे पाहिलं. हा हिशेब तिने कधी केला नव्हता. दोन वर्षं ती अर्ध्या तासाच्या खालीच दबून बसली होती.

"मान कशी पाडायची ते मले कोणी नाही शिकवलं," तो म्हणाला. "डायरेक्टर पोरगी म्हणाली, दादा, मरून दाखवा. मी पडलो. मान आपली आपणच तिकडे गेली."

मग चंद्रकलेने पदराने तोंड पुसलं.

"त्यायनं शेवटी काय केलं तुमचं?"

"मले काय माहीत. मागचं पुढे, पुढचं मागे, असं शूटिंग करतात."

"चला मंग. पाहू."

ती परत आत गेली ते मयतीला गेल्यासारखी, सरळ आणि गंभीर चेहऱ्याने. शोभाताई पदर खाली करून पुढे झुकून बसल्या होत्या. "बरं झालं आली," त्या कुजबुजल्या. "आत्ताच सासूनं दुसऱ्यालेही मारलं."

शेवटी असं झालं, की उजाडायच्या आत त्या घरच्यांनी सँटाला गाडीत घालून एका बागेत नेलं आणि बाकावर बसवून पळ काढला. सकाळी फिरायला आलेले लोक त्याला हात हलवून पुढे जाऊ लागले, आणि त्याच दृश्यावर सिनेमाची शेवटची नावं सुरू झाली. थिएटरमध्ये टाळ्या पडल्या. चंद्रकला जागची हलली नाही.

"त्याच्या घरी कोणीच नाही कळवलं," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर दहाबारा तरुण पोरांनी ईश्वरदासला ओळखलं. गराडा पडला. "काका, एक फोटो! मरून दाखवा ना एकदा, तसंच!" एकाने बाकाकडे बोटही दाखवलं. ईश्वरदासने चंद्रकलेकडे पाहिलं.

"फोटो काढा," ती पोरांना म्हणाली. "उभ्यानं काढा. डोळे उघडे ठेवून."

पोरं हिरमुसली. फोटो उभ्यानेच निघाले. तेवढ्यात प्रणाली गोपिकेला घेऊन वर आली आणि पिक्चर कसा होता म्हणून विचारू लागली. "संसारी पिक्चर आहे," शोभाताई म्हणाल्या, आणि पुढच्या दोन दिवसांत भजनी मंडळातल्या सहा बायका तो पाहून आल्या.

सत्तावीस तारखेला सकाळी डायरेक्टर पोरीचा मुंबईहून फोन आला. सिनेमा चालला होता, तिला आभार मानायचे होते. ईश्वरदासचं बोलून झाल्यावर चंद्रकलेने फोन मागितला.

"बाई, मी यांची घरवाली बोलून राहिली. त्या म्हाताऱ्याची बायको कुठं होती?"

"किसकी, आंटी?"

"सँटाची. रात्रभर तिनं वाट पाहिली असन ना? तिले कोणी फोन काहून नाही केला?"

ती पोरगी म्हणाली, "आंटी, सच बोलूँ तो हमने सोचा ही नहीं."

"सोचना था," चंद्रकला म्हणाली आणि फोन नवऱ्याच्या हातात देऊन भाजी निवडायला बसली.