रेस न मानणारा आवाज

मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मुठीची बाजू कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. अंगणात सकाळचं ऊन नुकतं उतरत होतं. गाडी चालू होती, बॉनेट वर होतं, आणि मिस्त्रींचं सगळं लक्ष त्या पोलादी दांडीतून कानात चढणाऱ्या आवाजाकडे लागलं होतं.

"अहो, चहा निवतोय," स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली. "तिची विचारपूस झाली असेल तर आमचीही करा कधी."

"तू न विचारता सांगतेस. ही बिचारी बोलत नाही."

"नशीबवान आहे."

गॅरेज बंद करून मिस्त्री घरी बसले, तरी हा नेम सुटला नव्हता. मुलगा बोटीवर नोकरीला, महिनोन्महिने पाण्यावर. जाण्याआधी त्याने बायकोला कामावर जायला ही गाडी घेऊन दिली, आणि तिचा फोन गाडीला जोडून दिला. फोन हातात न धरता बोलता यावं, हात चाकावरच राहावेत, म्हणून. मिस्त्रींना ते हॅन्ड्सफ्री प्रकरण पहिल्यापासून रुचलं नव्हतं. सून वरच्या खोलीत आईशी बोलत असताना यांनी खाली गाडी सुरू केली, की बोलणं खोलीतून उठून सरळ गाडीत यायचं. एकदा तर विहीणबाई भर अंगणात, चारही दारांतून, आपल्या गुडघ्याचं गाऱ्हाणं मिस्त्रींना सांगू लागल्या होत्या. मिस्त्रींनी घाबरून "हो, हो" म्हटलं होतं. त्यावर घर दोन दिवस हसत होतं.

इंजिन ठीक होतं. मिस्त्रींनी बॉनेट लावलं आणि जरा रेस देऊन बघावी म्हणून आत बसून दार ओढलं.

तेव्हा त्यांना तो आवाज ऐकू आला.

बारीक होता, पण भरभर येत होता. दोन-दोनच्या जोडीने. ओल्या मातीवरून लांब कुठेतरी घोडं दौडत यावं तसा. मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. आत्ता तर कान लावून बघितलं होतं. पट्टा नव्हे. वॉल्व्ह नव्हे. त्यांनी पाय दाबून रेस दिली. इंजिन गुरगुरलं, चढलं. तो आवाज होता तसाच राहिला. त्यांनी पाय काढला, इंजिन बसलं. आवाज तसाच. पुन्हा रेस दिली. आवाजाला तिचं काही सोयरसुतकच नव्हतं.

इंजिनातला कुठलाही आवाज रेस मानतो. रेस दिली की वाढतो, सोडली की मंदावतो. चांगला असो, बिघाडाचा असो. उभ्या आयुष्यात मिस्त्रींना याला अपवाद भेटला नव्हता.

आवाज थांबला. मग परत पहिल्यापासून सुरू झाला, आणि या वेळी मोठा होत गेला. समोरून, दारांतून, पाठीमागून. पाठीला टेकलेली सीटसुद्धा त्या ठोक्यांनी थरथरते आहे असं वाटलं. त्यातच एक बाईमाणसाचा आवाज आला.

"हं, हेच ते. येतंय ना ऐकू?"

"एवढं जोरात पळतं?" ही सून. हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

"बाळांचं असंच असतं. छान आहे ठोका. फोनमध्ये घेताय ना? घ्या. तपासणीचा अहवाल पुढच्या आठवड्यात येईल, मी स्वतः फोन करीन. मागच्या दोन्ही वेळी याच सुमाराला बिनसलं होतं, म्हणून म्हणते, अहवाल चांगला आला की मग घरी सांगा. तोवर नाही सांगितलंत तरी चालेल."

मग बोलणं सरलं आणि नुसता ठोका राहिला. हे आत्ताचं नव्हतं; काही दिवसांपूर्वी डॉक्टरबाईंकडे फोनमध्ये भरून घेतलेलं सून वर बसून पुन्हा ऐकत होती.

मिस्त्री हलले नाहीत. चाकावर टेकलेल्या आपल्या हातांना तेल लागलंय हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी हात उचलून मांडीपासूनही दूर, अधांतरी धरले. जन्मभर त्यांनी आवाजच ऐकले होते. त्यातला प्रत्येक आवाज कुणीतरी किल्ली फिरवली म्हणून सुरू झालेला होता. पेट्रोल घातलं म्हणून चाललेला होता. याला कुणी किल्ली लावली होती? तळहाताएवढ्या अंधारात, कुणाचा हात पोचत नाही अशा जागी, ते आपलं आपण सुरू झालं होतं आणि एकसारखं पळत होतं. काय नेम, काय निष्ठा. मिस्त्रींना वाटलं, आपण दार न वाजवता कुठल्याशा गाभाऱ्यात येऊन बसलोय. उठून जायला हवं, आणि उठवत तर नाही.

आवाज एकदम तुटला. वरच्या खोलीचा पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला.

पहिल्या वेळी मिस्त्रींनी गॅरेजमध्ये स्वतः चाकांची छोटी लाकडी गाडी बनवली होती आणि अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं. नंतर तीच गल्ली तोंड लहान करून दारात येऊन गेली. दुसऱ्या वेळी कुणाला सांगितलं नाही, तरी घरातल्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेवढंही जड झालं. त्यानंतर सून कामावर जायची, यायची, जेवायची, हसायचीही. पण ती लाकडी गाडी माळ्यावर कुणी टाकली, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

चहा घेताना बायकोने विचारलं, "मघाशी एवढी रेस कशाला देत होतात? काही बिघाड?"

"बघतो," मिस्त्री म्हणाले. सून जिन्यावरून उतरत होती. तिच्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "आज मी सोडतो हिला कामावर. रस्त्यावर घेतल्याशिवाय कळायचं नाही."

सून क्षणभर पायरीवरच थांबली. "कशाला, बाबा? मी जाईन की."

"जाशील गं. मला गाडी बघायचीय."

"जाऊ दे त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "तेवढाच घरात निवांतपणा."

गाडी फाटकाबाहेर पडली. नेहमीचा रस्ता डावीकडचा, बाजारातून जाणारा, जवळचा. पण तो जागोजागी खणलेला होता. मिस्त्रींनी उजवीकडे वळण घेतलं, कालव्याच्या कडेने जाणाऱ्या लांबच्या, गुळगुळीत रस्त्याकडे. गतिरोधक आला की ते गाडी जवळजवळ थांबवत आणि एकेक चाक वर चढवून, एकेक खाली उतरवत. मागून एक रिक्षावाला वैतागून पुढे गेला. "आजोबा, काचेची भांडी आहेत काय?" असं ओरडूनही गेला. गॅरेजचे दिवस असते तर मिस्त्रींनी त्याला त्याच्या तीन पिढ्यांसकट उत्तर दिलं असतं. आज ते नुसते "हो" म्हणाले.

सून खिडकीबाहेर बघत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सकाळी माझ्या फोनचा आवाज गेला होता, बाबा."

"मग?"

"मग आला परत."

"येतो," मिस्त्री म्हणाले.

तिची पर्स मांडीवर होती आणि पर्सचा बंद तिने बोटाला घट्ट गुंडाळला होता. सोडवत होती, पुन्हा गुंडाळत होती.

कालव्याचा पूल ओलांडला आणि गाडीभर घंटी वाजली. समोरच्या पडद्यावर नाव उमटलं : शिंपीणबाई.

महिनाभर या शिंपीणबाईंचे फोन घरी येत होते. ब्लाउजचं माप चुकलं, कापड कमी पडलं, असं सून सांगायची. "कसली मेली शिंपीण, एक कपडा धड शिवून देत नाही," असं सासूबाई कालच म्हणाल्या होत्या. मिस्त्रींनी पडद्याकडे बघितलं, मग सुनेकडे. शिंपिणीचा फोन आला म्हणून कुणाचा चेहरा असा पांढरा पडत नाही. फोन उचलायचं बटण चाकावर, मिस्त्रींच्या अंगठ्यालगत होतं. सुनेचा हात अर्धवट पुढे आला आणि हवेत थांबला. घंटी चारही बाजूंनी वाजत राहिली.

मिस्त्रींनी बाजूचा दिवा लावला, गाडी झाडाखाली घेतली, ब्रेक ओढला. इंजिन चालूच ठेवलं.

"मी जरा बॉनेट उघडून बघतो," ते म्हणाले. "तू घे फोन. सावकाश बोल."

आणि उतरताना त्यांनी स्वतःच ते बटण दाबलं, दार लावून घेतलं आणि पुढे गेले.

बॉनेट वर झालं तशी गाडीतली सून दिसेनाशी झाली. काचा बंद होत्या. आतलं अक्षरही बाहेर येत नव्हतं. पंखा फिरत होता, पट्टा पळत होता, सगळं जागच्या जागी होतं. मिस्त्री त्याकडे बघत उभे राहिले आणि त्यांना काही दिसत नव्हतं. देवाकडे मागायची त्यांना सवय नव्हती. जे असेल ते नीट करून द्यायचं, एवढंच येत होतं. इथे नीट करायला हाती काहीच नव्हतं. पाना लागू पडेल असा एक नटसुद्धा कुठे नव्हता. त्यांनी दोन्ही तळवे गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवले आणि चटका बसला तरी तिथेच राहू दिले.

बॉनेटच्या खालच्या फटीतून काचेचा एवढासा तुकडा दिसत होता. त्यात सुनेचा हात तोंडावर गेलेला दिसला. मिस्त्रींनी मान वळवली. कालव्याच्या पाण्यावर ऊन हलत होतं. एक बाई काठावर सतरंजी आपटून धूत होती, आणि आपटल्याचा आवाज थोड्या वेळाने, मागाहून येत होता.

मग जवळच घरघर झाली. काच खाली जाण्याची. एका दाराची, मग दुसऱ्याची, मग मागच्या दोन्ही. आणि सकाळी गाडीत ऐकलेला तोच, डॉक्टरबाईंचा आवाज रस्त्यावर आला.

"...परत सांगते, सगळं व्यवस्थित आहे. कसलाही दोष नाही. बाळ वाढतंय छान. मला वाऱ्याचा आवाज येतोय, तुम्हाला ऐकू येतंय ना?"

"येतंय," सून म्हणाली. बोल स्वच्छ होते. "काचा खाली घेतल्या जरा."

"बरं. आता घरी सांगायला हरकत नाही माझी. कोण कोण असतं घरी?"

"सासूबाई आहेत. आणि बाबा." ती थांबली. "बाबा बाहेर उभे आहेत."

"बाहेर? अहो, उन्हात कशाला उभं केलंय त्यांना? आत बोलवा."

मिस्त्रींनी बॉनेट सोडून दिलं नाही. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार ओढावं तसं ते दोन्ही हातांनी खाली आणलं आणि हलकेच दाबून बसवलं. मग ते चालकाच्या दाराकडे न जाता सुनेच्या बाजूला आले. दार उघडून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू चालव."

"का, बाबा? गाडीत काही..."

"गाडीत काही नाही."

त्यांनी हात पुढे केले. तापलेल्या पत्र्याने दोन्ही तळवे लाल झाले होते. सुनेने त्या हातांकडे बघितलं, ती उतरली आणि वळसा घालून पलीकडे जाऊन बसली. मिस्त्री तिच्या जागेवर बसले. त्यांनी सीटचा पट्टा ओढला, पण त्याची पट्टी खाचेत बसेना. हजारो गाड्या उघडून पुन्हा बसवलेल्या माणसाला ती खाच सापडेना. सून वाकली आणि तिने पट्टा लावून दिला.

"ऐकताय ना?" डॉक्टरबाई विचारत होत्या. "आता गोळ्या सांगते. लक्षात ठेवा."

गाडी निघाली. सुनेचे हात चाकावर होते, नजर रस्त्यावर. डॉक्टरबाई एकेक गोळी सांगत होत्या, कुठली जेवणाआधी, कुठली दुधाबरोबर नाही, आणि प्रत्येक गोळीला मिस्त्री पडद्याकडे बघून, विहीणबाई समोर बसल्यासारखे, आदराने "हो, हो" म्हणत होते.