पलंगाखालची राखण

ढेकणांचं औषध मारायला पालिकेची माणसं येणार, घरं मोकळी ठेवा, असं सोसायटीवाले सांगून गेले तेव्हाच माझं डोकं फिरलं. म्हणजे आम्ही खाली जाऊन ताटकळायचं, आणि तोंडं झाकलेल्या अनोळखी माणसांनी आमच्या गाद्या उलट्यापालट्या करायच्या. कपाटंसुद्धा उघडी ठेवा म्हणे, त्यात ढेकूण शिरतात. नुसते ढेकूणच शिरतात का?

सासरे माझ्याहून वरचढ. सासूबाई गेल्यावर त्यांच्या बांगड्या सासऱ्यांनी कुठे दडवल्या, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, मी पलंगाखाली पडून राहतो आणि कोण काय उचलतं ते बघतो. मी हो म्हटलं. नवऱ्याला सांगितलंच नाही. तो कामावर होता, आणि तसाही भोळा सांब.

खाली गेले तर शेजारीण म्हणाली, या वेळी फवारणी नाही, दाराच्या फटी बुजवून आत विषारी धूर सोडतात. सासऱ्यांना दमा आहे. मी कुणाला काही न सांगता धावत सुटले.

आमच्या दाराला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारलेली. मी ती नखांनी ओरबाडायला लागले, तेवढ्यात मागून धूर सोडणाऱ्या पालिकेच्या पंपवाल्याने मला अडवलं. म्हणाला, "आजोबा गच्चीवर आहेत." धूर सोडण्याआधी तो प्रत्येक खोलीत जमिनीवर आडवा पडून पलंगाखाली बघतो म्हणे. कुठे मांजर सापडतं, कुठे राखण करणारं माणूस. माझा विश्वास बसेना. मास्कच्या आडून बोलणारा खरं सांगतोय की थापा मारतोय, कसं कळणार? मी त्याची बाही धरली आणि त्यालाही वर ओढत नेलं.

सासरे पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. केसांत जळमटं, मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. बांगड्याच असणार. पण खरं सांगते, मी गाठोड्याकडे नंतर बघितलं. आधी त्यांचा श्वास नीट चाललाय ना ते बघितलं आणि मला रडूच कोसळलं. कितीदा अपरात्री या माणसाची पाठ चोळत बसलेय मी.

गाठोडं त्यांच्या मांडीवरून घसरत होतं. म्हटलं, द्या इकडे, मी धरते. त्यांनी गाठोडं छातीशी ओढलं आणि मग पंपवाल्यापुढे केलं. घर उघडेपर्यंत तुमच्याकडे राहू द्या, म्हणाले.

"त्यांच्याकडे कशाला, बाबा? मी आहे ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंपवाल्यालाच म्हणाले, "बघितलंत? सगळी बिल्डिंग खाली, आणि ही एकटी वर आली. मी तुम्हाला म्हटलं नव्हतं, हिचाच डोळा आहे यावर?"

पंपवाल्याने गाठोडं घेतलं नाही आणि माझ्याकडे बघायचंही टाळलं. माझ्या नखांत दारावरच्या पट्टीचा चिकटा तसाच होता.