रुखमाबाईचे दगड

उंद्रीला येणाऱ्या आमच्या रस्त्यावर दोन टिप्पर समोरासमोर आले, की तिसऱ्याने मुकाट्याने खाली उतरायचं. हा तिसरा नेहमी सायकलवालाच असतो. मी सुधाकर, शाळेत लिपिक आहे, आणि मला या रिवाजाची भयंकर चीड येते. चीड आली की मी अर्ज लिहितो. दुसरं काही येत नाही.

नववीतली पायल मळ्यावरून तीन किलोमीटर सायकलने येते. सायकल सरकारने दिली, रस्ता द्यायचा राहून गेला. सप्टेंबरात एका टिप्परच्या आरशाचा धक्का तिच्या हँडलला बसला आणि ती थेट बाभळीत पडली. कोपर सोलवटलं, दप्तर चिखलात गेलं, टिप्पर गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी तिचे वडील ज्ञानेश्वर शाळेत आले. दिवाळीपर्यंत रस्त्याचं काही झालं नाही, तर पोरीला घरी बसवतो म्हणाले. मला त्यांच्यावर चिडता येईना. तिच्या कोपरातले काटे मीच काढले होते.

मी तालुक्याच्या बांधकाम खात्याला अर्ज केला. उत्तर म्हणून तिथले साहेब स्वतः आले, तेही गाडीतून ऐंशीच्या वेगाने. त्यांनी पोरींना तासभर समजावलं, की डावीकडून चाला, घंटी वाजवा, उजळ कपडे घाला आणि मोठ्या वाहनाचा आदर करा. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आमच्या शाळेतल्या शिक्षिका शैलजाबाईंनी विचारलं, की हे भाषण टिप्परवाल्यांना कधी देणार? ते एका जागी सापडत नाहीत, असं साहेबांनी सांगितलं. मग सायकल रॅली निघाली. पुढे पोलिसांची जीप, मागे रुग्णवाहिका, आणि दोन तास रस्ता बंद. एकाही पोरीला खरचटलं नाही, हे अहवालात ठळक अक्षरांत आलं.

तरी एक काम झालं. रस्त्याच्या दोन्ही कडांपासून तीन-तीन फुटांवर पांढरा पट्टा मारला आणि त्याच्या आत सायकलचं चित्र काढलं. मी त्या दिवशी शाळेत पेढे वाटले. माझंच चुकलं. सोयाबीनचा हंगाम आहे, हे ना साहेबांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या चित्रावर सोयाबीन वाळत होतं. इतकी सपाट, स्वच्छ, आखून दिलेली जागा पाहून कोण सोडतो? माल कुणी तुडवू नये म्हणून रस्त्याच्या बाजूने, पांढऱ्या पट्ट्यावर डोक्याएवढ्या दगडांची रांग लावलेली. पोरी होत्या त्याहून आत, म्हणजे भर रस्त्यात आल्या. सगळ्यात लांब पट्टा होता पायलच्या आजीचा, रुखमाबाईचा. माझं डोकं फिरलं. सायकल आडवी टाकून मी तिला नाही नाही ते बोललो. नातीची वाट तुम्हीच अडवता आणि वर तिची शाळा तोडता, असंही बोललो.

रुखमाबाईने सोयाबीनमध्ये पाय फिरवणं थांबवलं नाही. तेवढ्यात एक टिप्पर सुसाट आला आणि दगडांपासून चांगला दोन हात लांबून, हळू होत गेला.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "दगडाले भेते तो. टायर फाटते ना. पोरीले काऊन भेईन?"

मी आडवी टाकलेली सायकल उचलून कडेला घेतली. तिला उपाय सुचला होता. तिने फावडं घेतलं, सगळं सोयाबीन दगडांच्या पोटाशी ओढून फूटभर रुंदीचं केलं, आणि रस्त्याच्या कडेला दोन फूट मोकळे सोडले. समोरच्या बाजूला माल टाकलेल्या पुंजाजींनाही तिने तसंच करायला लावलं. ते कुरकुरले, पण तिच्यापुढे कोणाचं चालतं? मग शेजारच्या शेतवाल्यांनीही तेच केलं. पोरी कडेने, मध्ये सोयाबीन, त्यापलीकडे दगड, आणि दगडांपलीकडे शहाणे झालेले टिप्पर. महिनाभर चौदा पोरी गाणी म्हणत शाळेत आल्या.

दिवाळीत सोयाबीन बाजारात गेलं. सुट्टी संपताना मला एकच दिसत होतं. रस्ता पुन्हा उघडा पडणार आणि पायल घरी बसणार. शाळा उघडली त्या सकाळी मी लवकर निघालो. बघतो तर दगड जागच्या जागी होते. त्यांच्या आत ज्ञानेश्वर सोयाबीनचं कुटार पसरत होते. कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. तो कोणी वाळवत नाही, जनावरांपुढे टाकतात. वरून त्यांनी मूठभर दाणे भुरभुरवले, लांबून माल वाटावा म्हणून.

त्याच आठवड्यात पट्ट्याचं यश पाहायला साहेबांची गाडी आली. दगड दिसताच ड्रायव्हरने वेग कमी केला, आणि पोरी डावीकडून शांतपणे पुढे गेल्या. साहेबांनी ते बघितलं नाही. ते खाली उतरले, ते दगडांवर खेकसत. वाहतुकीला अडथळा आहे, गुन्हा दाखल होईल, सगळं त्यांनी ऐकवलं. शेवटी नियमाला थोडी माणुसकीची जोड द्यावी म्हणून विचारलं,

"ठीक आहे, हंगाम आहे. पण हा माल उचलणार कधी?"

ज्ञानेश्वरांनी वाऱ्याने सरकलेलं कुटार पायाने दगडाशी लोटलं.

"पोरीची दहावी झाली का उचलतो, साहेब."