शेपूट घरी पोचेपर्यंत

टाळेबंदीत बाकीची माणसं कपाटं आवरत होती, तेव्हा मालकिणीचा नवरा राहत्या घराचा डोंगर करत होता.

त्यांचा व्यवसायच तसा होता. हौशी माणसांना ते डोंगरदऱ्यांतून पळत न्यायचे. सकाळी एका मुक्कामाहून निघायचं, कडेकपारीतून धावत दुपारी दुसऱ्या मुक्कामाला टेकायचं, असं आठवडाभर. नवरा नकाशे काढायचा आणि खाण्यापिण्याचं बघायचा. मालकीण सगळ्यांच्या पुढे पळायची. आणि सगळ्यांच्या मागे पळायची तिची आत्या, शाळेतून निवृत्त झालेली कवायतीची शिक्षिका. तिला सगळे शेपूट म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता.

शेपटाचा नियम एकच: कोणालाही मागे टाकायचं नाही. कोणी बुटाची नाडी बांधायला थांबला तर आत्या थांबायची. कोणी आता माझ्याच्याने होत नाही म्हणून रडायला बसला, तर तीही शेजारी फतकल मारून बसायची आणि खिशातले शेंगदाणे काढायची. शेपटाने मुक्कामाच्या दाराला हात लावला की धाव संपली. त्याआधी कोणी काहीही म्हणो, ती संपलेली नाही. या नियमामुळे इतक्या वर्षांत त्यांचं एकही माणूस डोंगरात हरवलं नव्हतं. जाहिरातीत लिहायला त्यांच्याकडे तेवढं एकच वाक्य होतं.

मग साथ आली आणि डोंगर बंद झाले. डोंगर बंद कसा करतात हे मालकिणीला कळेना, पण पायथ्याशी एक साखळी आडवी लावून तिला कुलूप घातलंय, असा फोटो कोणीतरी पाठवला. साखळीच्या दोन्ही बाजूंना मोकळं रान होतं.

तळमजल्यावरची त्यांची ऑफिसची खोली मोठ्या दिरांची होती. भाऊजींनी सॅनिटायझरचा धंदा नव्याने सुरू केला होता आणि त्यांना डबे ठेवायला जागा हवी होती. माणसांनी उंबरा ओलांडायचा नाही अशा दिवसांत माणसं पळवण्याचं ऑफिस काय करायचंय, असं त्यांनी फोनवर विचारलं आणि ते सोमवारी किल्ली न्यायला येतो म्हणाले.

मालकीण वाद घालणाऱ्यातली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "भाऊजी, घरातल्या घरात एक धाव करून बघू? सगळे मुक्कामी पोचले तर किल्ली माझ्याकडे राहील. एक जरी हरवला, तर खुशाल घेऊन जा."

"घरातल्या घरात कोण हरवतंय?" असं म्हणून भाऊजी मोठ्या मनाने तयार झाले.

नवऱ्याने नेहमीच्या वाटेचा नकाशा घेतला आणि तो एकेका गिऱ्हाइकाच्या घरावर बसवला. पॅसेजमधल्या येरझाऱ्या म्हणजे डोंगराची धार. स्टुलावर चढउतार म्हणजे चढण. जेवणाच्या टेबलाला वळसा म्हणजे वळण. एकूण चढाला स्टुलाच्या उंचीने भागून त्याने प्रत्येकाचा हिशेब काढला, त्यामुळे बुटक्या स्टुलाच्या मालकांना जास्त चढावं लागणार होतं आणि त्यावरून थोडी कुरबुर झाली. स्वयंपाकघर हा मुक्काम, कारण पाणी तिथे. त्याच्या जरा अलीकडे खिंड. खिंडीतून डावीकडे वळलं की मुक्काम. उजवीकडे काय ते नकाशात नव्हतं, कारण मूळ नकाशाचा कागद तिथेच संपत होता.

शुक्रवारी सकाळी गिऱ्हाइकं आपापल्या घरी, आपापल्या स्क्रीनसमोर, बूट घालून उभी राहिली. बँकेत काम करणाऱ्या दोघी बहिणी, एक विमा एजंट आणि एक दातांचे डॉक्टर. मालकिणीने नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. एजंटाकडे शिट्टी नव्हती. शिट्टीशिवाय डोंगरात सोडणार नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. तेव्हा तो आत जाऊन कुकरची शिट्टी काढून घेऊन आला. तिने विचार केला आणि मान्य केली.

ती स्वतः मुक्कामावर, म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसली आणि वाट सांगू लागली. आता धारेवर आहात. वारा आहे. दोन्ही अंगांना खोल आहे, खाली बघू नका. एजंटाने खरोखरच खाली बघितलं नाही आणि तो लेकीच्या खेळण्यावरून घसरला. बहिणी एकमेकींना ढकलत पोचल्या. एजंट लंगडत पोचला. मालकिणीच्या घरातली धार बेडरूमपासून सुरू होत होती आणि तिथे आत्या जागच्या जागी पळत होती, कारण डॉक्टर अजून पुढे गेले नव्हते.

डॉक्टर आलेच नाहीत. त्यांच्या चौकोनात त्यांचा ओटा आणि सिंक दिसत होतं आणि नळ ठिबकत होता. थोड्या वेळाने कुठूनतरी फार लांबून, दरीतून यावी तशी, शिट्टी ऐकू आली.

मालकिणीने त्यांना फोन लावला.

"मी चुकलो बहुतेक," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "खिंडीतून उजवीकडे वळलो. उतार लागलाय."

उजवीकडचं दार त्यांच्या दवाखान्यात उघडतं, हे तिला त्यांच्या घराच्या आराखड्यावरून माहीत होतं. दवाखाना साथीपासून बंद होता. "डॉक्टर, तुम्ही दवाखान्यात आहात."

"दवाखाना मागे राहिला हो. इथे झाडी आहे. खाली पाण्याचा आवाज येतोय."

"तुमच्या घरात झाडी नाही."

"ते मला माहीत आहे," डॉक्टर जरा दुखावून म्हणाले. "मी घरात आहे असं कोण म्हणतंय?"

एक माणूस हरवलं की बाकीच्यांनी मुक्काम सोडायचा नाही, असा नियम होता. तो सगळ्यांनी सही करून कबूल केला होता. त्यामुळे बहिणी स्वयंपाकघरातच झोपल्या. एजंटाच्या बायकोने स्क्रीनवर येऊन अदबीने विचारलं, की यांना कपडे वाळत घालायला पाच मिनिटं सोडता का. मालकीण काही बोलायच्या आत एजंटच म्हणाला, की आपलं माणूस तिकडे दरीत आहे आणि तुला कपडे सुचतात.

आत्या बेडरूममध्ये अडकली. डॉक्टरांना मागे टाकल्याशिवाय तिला खिंड ओलांडता येत नव्हती. सुदैवाने बाथरूम खिंडीच्या अलीकडे होतं. नवरा फरशी पुसायच्या वायपरने तिचं ताट पॅसेजमधून सरकवायचा आणि आत्या शेंगदाणे संपल्याची तक्रार करायची. नवरा-बायको स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय घालून झोपले.

भाऊजी रोज फोन करून विचारायचे, आलं का तुमचं माणूस? नाही म्हटलं की त्यांच्या आवाजात सहानुभूती यायची आणि मागे डबे हलवल्याचा आवाजही यायचा. नवरा म्हणाला, दादाला सांगून टाकू सगळे पोचले म्हणून, त्याला कुठे दिसतंय? मालकिणीने डॉक्टरांच्या घराचा आराखडा त्याच्यापुढे सरकवला. नवरा तो पुन्हा मोजू लागला. दवाखान्यात त्याला एक खुर्ची, एक बेसिन आणि भिंत सापडत होती. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं घर होतं. शेजाऱ्यांना फोन करून विचारलं, तर त्यांच्याकडेही ओढा नव्हता.

रविवारी डॉक्टरांचा आवाज बराच बारीक झाला होता. ओढा ओलांडला, म्हणाले. पलीकडे वाट पुसट होत गेलीय.

"डॉक्टर, तुम्ही ही वाट तीनदा केलीत. डावीकडे वळायचं हे तुम्हाला पाठ आहे. मग असं कसं झालं?"

पलीकडे वारा वाजत होता.

"ताई, खिंडीत तुम्ही उभ्या असता ना," डॉक्टर म्हणाले. "लाल शर्टात. आम्ही सगळे आलो की मग तुम्ही निघता. परवा तिथे कोणी नव्हतं. मला वाटलं, कोणी नाही म्हणजे दोन्ही वाटा बरोबर आहेत."

मालकिणीने फोन ठेवला आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. स्टुलाची उंची मोजली होती, शिट्ट्या तपासल्या होत्या. खिंडीत माणूस ठेवायचं राहून गेलं होतं. लॅपटॉपसमोर बसलं की वाट सांगता येते, वाटेवर उभं राहता येत नाही, एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती.

तिने लाल शर्ट चढवला, बूट घातले, पाठीला पिशवी लावली आणि ती पॅसेज जिथे फुटतो तिथे जाऊन उभी राहिली. नवऱ्याने डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्यासमोर भिंतीला टेकवला. पलीकडे डॉक्टरांना तिने एवढंच सांगितलं, की मी उभी आहे. डॉक्टर म्हणाले, मग येतो, पण चढ आहे, वेळ लागेल. ती म्हणाली, लागू दे.

सोमवारी सकाळी बेल वाजली. नवऱ्याने दार उघडायला वळसा घेतला तोही टेबलाभोवतीच. भाऊजी मास्क, हातमोजे आणि चकचकीत चामडी बूट घालून पॅसेजमध्ये शिरले आणि बेडरूमच्या दारात बसलेल्या आत्याला नमस्कार करून पुढे आले. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला होती. पण पॅसेजच्या मधोमध मालकीण उभी होती आणि तिला खेटून गेल्याशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं. आणि अंतर पाळण्याच्या बाबतीत भाऊजी फार काटेकोर होते. त्यांच्या डब्यांवर तेच छापलेलं होतं.

"जरा बाजूला होतेस का?" ते म्हणाले.

"माझं माणूस वर येतंय, भाऊजी. मला हलता येणार नाही."

भाऊजींनी घड्याळ बघितलं, छत बघितलं, मग तेही उभे राहिले. फोनमधून धाप ऐकू येत होती. आधी लांबून, मग जवळून. मध्येच दगड घरंगळला. भाऊजी नकळत भिंतीला सरकले.

मग डॉक्टरांनी आपला फोन हात लांब करून धरला आणि पडद्यावर ते दवाखान्याच्या दारात दिसले. गुडघ्यापर्यंत भिजलेले. मोज्यांना कुसळं चिकटली होती, चांगली लांब, डोंगरउतारावरच्या गवताची. मालकिणीने ती नीट पाहून घेतली. असं गवत शहरात उगवत नाही. तिने त्यावर काही मत बनवलं नाही.

"डावीकडे, डॉक्टर," ती म्हणाली आणि हात केला.

"हो हो," म्हणत डॉक्टर डावीकडे वळले. पलीकडच्या लॅपटॉपमधून बहिणींच्या टाळ्या आणि एजंटाची कुकरची शिट्टी, जी तो तोंडाने फुंकत होता, ऐकू आली. नळ बंद झाल्याचाही आवाज आला.

आता शेपूट. आत्या उठली, गुडघे मोकळे केले, पळत पॅसेजमध्ये आली आणि भाऊजींच्या मागे, अंतर राखून, जागच्या जागी पळत राहिली.

"जा ना पुढे," भाऊजी भिंतीला चिकटून म्हणाले.

"कशी जाऊ? तुम्ही माझ्या पुढे आहात."

"मी किल्ली न्यायला आलोय."

"न्या की. मुक्कामाला आहे. पण तुम्ही पोचल्याशिवाय मी पोचत नाही, आणि मी पोचल्याशिवाय धाव संपत नाही. मग हरलं कोण नि जिंकलं कोण, ते कसं कळायचं?" आत्याने शाळेतल्या आवाजात सांगितलं. "उभे काय राहिलात? गुडघे वर."

भाऊजींनी भावाकडे पाहिलं. भाऊ स्टूल मधोमध आणून ठेवत होता. मालकिणीकडे पाहिलं. तिने हात डावीकडे केला आणि ती दोन पावलं मागे सरकली, अगदी नियमात बसेल एवढं अंतर ठेवून.

भाऊजी पळाले. आधी लाजत, मग मास्क फुगवत आणि आत ओढत. पॅसेजच्या येरझाऱ्या, टेबलाला वळसा, मग स्टूल. स्टूल टाळून ते कडेने जाऊ लागले, तर मागून आत्या म्हणाली, तिकडे कडा आहे. ते परत आले आणि चढले. शेवटी ओट्याला दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले तेव्हा किल्ली त्यांच्या नाकासमोर लोंबत होती.

त्यांच्या मागोमाग आत्या आली आणि तिने स्वयंपाकघराच्या दाराला हात लावला.

"संपली," ती म्हणाली. "सगळे आले."

भाऊजींनी किल्लीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. डबे गच्चीवरही राहतील, असं ते धापेत पुटपुटले. नवऱ्याने त्यांना पाणी दिलं आणि मग तो नकाशाच्या उजव्या कडेला कोरा कागद चिकटवायला बसला. ओढा नेमका कुठे ओलांडला, हे त्याला डॉक्टरांना विचारायचं होतं.

भाऊजी पाणी पिऊन खाली वाकले. पँटच्या काठाला काहीतरी टोचत होतं. त्यांनी ते हातमोज्याच्या चिमटीत धरून उपसलं आणि उजेडात धरलं. चांगलं लांब कुसळ होतं. ते कुठे टाकावं, हे त्यांना बराच वेळ सुचेना.